सत्कारात गेलेला संगणक

संगणकाला घडी का घालता येऊ नये, या एका प्रश्नावर डॉ. आकाराम यमगर यांनी आपली उमेदीची सगळी वर्षे खर्च केली. प्रश्न हास्यास्पद नाही. माणसाच्या अंगावर, हातात आणि घरात जे काही असते ते बहुतेक मऊ असते. संगणक तेवढा पाटीसारखा ताठ राहतो आणि माणसालाच त्याच्यासमोर बसायची सवय करून घ्यावी लागते. ही सवय यंत्राने करावी, माणसाने नव्हे, हा यमगरांचा सिद्धांत होता. सिद्धांत उदात्त होता. उदात्त सिद्धांतांचे पुढे काय होते, हे ते कोणत्या संस्थेत नोकरीला आहेत यावर अवलंबून असते.

यमगर मूळचे म्हसवडजवळच्या एका वाडीचे. वडील मेंढ्यांच्या बाजारात दलाली करीत. मुलगा सांगलीला अभियंता झाला, शिष्यवृत्तीवर परदेशात गेला आणि तिथे कागदाएवढे पातळ पडदे वाकवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काही वर्षे राहिला. तिथे तो दोन गोष्टी शिकला. पडदा कोणत्या कोनापर्यंत वाकवला तर मोडत नाही ही एक. शोधनिबंधाचे शीर्षक पुरेसे लांब असेल तर आतला मजकूर थोडा असला तरी चालतो ही दुसरी. पहिलीचा उपयोग त्याला क्वचित झाला.

परत आल्यावर ते कराड आणि इस्लामपूर यांच्या दरम्यान, उसाच्या फडांत उभ्या असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. महाविद्यालय लालासाहेब आबांचे. आबांना शिक्षणाची मोठी आस्था होती. इतकी, की ते स्वतः न घेता त्यांनी सगळेच्या सगळे इतरांना दिले. बालवाडीपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत त्यांच्या संस्थेत सर्व काही होते आणि या सर्वांत कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, हे आबांच्या बंगल्याच्या ओसरीवर ठरत असे.

यमगरांचा पहिला गाजलेला प्रयोग म्हणजे संगणकी फेटा. फेट्याच्या पदरात एक पातळ पट्टी शिवलेली होती. कानाशी सरकारी योजनांची माहिती ऐकू येई आणि माणसाने मान उभी हलवली की होकार, आडवी हलवली की नकार, असे यंत्र समजे. हा संवाद परदेशी माणसावर तपासलेला होता. आपल्याकडे मान कशीही हलते आणि तिचा अर्थ मान हलवणाऱ्यालाही बऱ्याचदा नंतर कळतो, ही गोष्ट हिशेबात धरायची राहून गेली. यमगरांच्या चुलतभावाने फेटा बांधून ग्रामसभेला हजेरी लावली. सभा संपेपर्यंत त्याने शेततळे, शेळीपालन, सौरपंप आणि स्वतःला कोणत्याच वयात लागू नसलेली मातृत्व योजना, या सगळ्यांसाठी अर्ज केलेला होता. "गड्या, मी नुसता समद्यास्नी राम राम घालत हुतो," असे तो म्हणाला. अहवालात "ग्रामीण वापरकर्त्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद" अशी नोंद झाली. त्यावर यमगर एका परिषदेला जाऊन आले.

या अनुभवातून त्यांनी आपल्या सिद्धांताचे अंतिम रूप सिद्ध केले. आपण यंत्र वापरतो आहोत असे ज्याला कळते त्याचे यंत्र अजून अपुरे आहे. खरा संगणक तोच, जो संगणक असल्याचा कोणाला संशयही येत नाही. हे वाक्य ते प्रत्येक व्याख्यानाच्या शेवटी म्हणत आणि त्यानंतर थोडे थांबत.

मात्र यमगरांच्या हातून एक खरोखर चांगली कल्पना निघाली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मेंढ्यांच्या बाजारात दोन दलाल रुमालाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवतात. भोवती गर्दी असते, पण आकडा कोणाला कळत नाही. यमगरांनी हे वडिलांच्या मांडीशी बसून पाहिले होते. असेच जर कापड केले, की ज्याच्याखाली हात घालून बोटे दाबली की ते समजते आणि उत्तरादाखल बोटांना हलकी थरथर देते, तर? न पाहता, न बोलता माणूस यंत्राशी व्यवहार करील. आंधळ्यालाही ते जमेल, निरक्षरालाही. दिल्लीच्या एका खात्याने या कल्पनेला अनुदान दिले आणि महाविद्यालयात केंद्र स्थापन झाले.

कल्पना यमगरांची, कापड मात्र नीलिमाने केले. नीलिमा त्यांची संशोधक विद्यार्थिनी, विट्याची. तिचे वडील धोंडिराम तिथे यंत्रमागावर कामाला. धातूचे बारीक सूत साध्या सुतासोबत विणायचे तर ते ताणाखाली तुटे. तिने मालकाच्या परवानगीने एक जुना माग सुट्टीच्या दिवशी मागून घेतला आणि बापलेक त्यावर बसले.

"ही तार हाय का सूत हाय, ते एकदा ठरीव," धोंडिराम म्हणत. "तुज्या पीएचडीपायी माग येडा हुईल."

"दोन्ही हाय, दादा."

"मग दोनी बाजूनं शिव्या बसत्याल तुला."

वर्षभरानंतर कापड तयार झाले. रंग मोतिया, मऊ, दोन्ही काठांना धातूच्या सुताची सोनेरी पट्टी. त्या पट्टीतूनच वीज फिरत असे. काठाच्या एका कोपऱ्यात नखाएवढी बॅटरी शिवलेली. नीलिमाने त्याखाली हात घालून बोट दाबले आणि कापडाने थरथरून तिला उत्तर दिले, तेव्हा यमगरांचेही डोळे भरून आले, असे म्हणतात. त्या क्षणी तरी त्यांच्यातला संशोधक जागा असावा.

असे कापड एकच होते. दिवाळीनंतर दिल्लीची समिती ते पाहायला येणार होती. समितीच्या बोटांखाली ते चालले तर केंद्र चालू राहणार होते आणि नीलिमाचा प्रबंध उभा राहणार होता. नाहीतर दोन्ही संपणार होते.

त्याआधी केंद्राचे उद्घाटन व्हायला हवे होते. केंद्र दीड वर्ष चालू होते, पण आबांची तारीख मिळत नव्हती.

तारीख मिळाली. सभागृह भरले. व्यासपीठावरच्या टेबलावर एका तबकात नीलिमाने कापड घडी घालून प्रात्यक्षिकासाठी ठेवले होते. शेजारी दुसरे तबक. त्यात नारळ आणि पुष्पगुच्छ. सत्काराची शाल कार्यक्रमाची व्यवस्था पाहणाऱ्या क्रीडाशिक्षकांच्या पिशवीतच राहिलेली. निवेदकाने घोषणा केली, की संस्थापकांचा सत्कार केंद्राचे प्रमुख डॉ. यमगर यांच्या हस्ते होईल. क्रीडाशिक्षकांनी तबकातली मोतिया, सोनेरी काठाची घडी उचलली आणि यमगरांच्या हातात दिली.

यमगरांनी ती ओळखली. यात शंकेला जागा नाही, कारण घडी उलगडताना त्यांच्या अंगठ्याखाली तिने हलकी थरथर दिली. कापड आपले काम चोख करीत होते. पण आबांनी मान पुढे केली होती. छायाचित्रकार गुडघ्यावर बसला होता. पहिल्या रांगेत टाळ्या सुरू झाल्या होत्या. ज्याने आयुष्यभर यंत्राने माणसाला ओळखावे म्हणून खटपट केली, त्याने माणसांसमोर आपले यंत्र ओळखण्याचे नाकारले आणि ते आबांच्या खांद्यावर पांघरले. आबा छायाचित्रापुरते तसे उभे राहिले आणि मग प्रथेप्रमाणे ते अंगावरून काढून मागे उभ्या असलेल्या नाथाजींच्या हातात दिले. नाथाजी म्हणजे आबांचे स्वीय सहायक. कापड गाडीत गेले.

प्रात्यक्षिकाच्या वेळी यमगरांनी कापडाऐवजी आपला सिद्धांत सादर केला. खरा संगणक तोच, असे म्हणून ते थांबले, तेव्हा त्या सभागृहात त्या वाक्याची सत्यता फक्त दोघांना कळत होती. दुसरी म्हणजे नीलिमा. ती विंगेत उभी होती.

"सर, आत्ता गाडी फाटकात असेल," ती कार्यक्रम संपताच म्हणाली. "मी पळत जाऊन सांगते."

"वेडी आहेस का? चारचौघांत आबांच्या अंगावरची शाल मागायची?"

"शाल नाही ती."

"ते त्यांना माहीत नाही. आता सांगायचं म्हणजे, तुमचा सत्कार झाला नव्हता, असं सांगायचं." यमगरांनी कपाळ पुसले. "मी बघतो. संध्याकाळी बंगल्यावर जातो. योग्य शब्दांत सांगतो."

या भागात सत्कार हा एक उद्योग आहे. उसाच्या खालोखाल त्यावर माणसे जगतात. निवृत्तीला सत्कार, निवडीला सत्कार, निवड हुकल्यावर सांत्वनपर सत्कार. त्यात दिलेली शाल परत मागणे म्हणजे दिलेला मान परत मागणे. हे कोठे लिहिलेले नाही, म्हणूनच ते कोणी मोडत नाही. शिवाय प्राचार्यांची जागा उन्हाळ्यात रिकामी होणार होती आणि यमगरांचे नाव ओसरीवर चर्चेत होते. तेवढे सोडले तर त्यांना न बोलण्याचे काही कारण नव्हते.

ते संध्याकाळी बंगल्यावर गेले.

"काय काम काढलं, डॉक्टर?" आबांनी विचारले.

"काही नाही, आबा. सहज. कार्यक्रम कसा वाटला, विचारावं म्हटलं."

"झ्याक झाला. ते तुमचं यंत्र दावलं न्हाई कोन? भाषणच लय झालं."

"पुढच्या वेळी दाखवू."

"दावा. च्या घ्या."

यमगरांनी चहा घेतला आणि घरी आले. त्यानंतरही ते दोनदा जाऊन आले. एकदा उसाच्या तुऱ्याबद्दल बोलले, एकदा आबांच्या गुडघ्यांबद्दल. नीलिमा दर सकाळी विचारी आणि यमगर सांगत, की विषय काढण्याजोगे वातावरण नव्हते. वातावरणाची ते वाट पाहत राहिले. दिवाळी जवळ आली.

अखेर नीलिमा स्वतः गेली, पण आबांकडे नव्हे, नाथाजींकडे. नाथाजींनी एक मोठे कपाट उघडून दाखवले. आत शालींच्या थप्प्या होत्या, कितीतरी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच.

"शाल कुनी पांघरत न्हाई, ताई," नाथाजी समजुतीने म्हणाले. "शाल फिरती. आज आबास्नी मिळाली, उद्या आबांच्या हातनं दुसऱ्याला. तुमची ती सोनेरी काठाची ना? ती म्हसवडला गेली. राजेश्वरीबाई, शाळंच्या हेडबाई, निवृत्त झाल्या त्यास्नी."

"कधी?"

"लय दिस झालं. पर तुमचं सर तवा हितंच हुतं की. मी त्यांच्या म्होरंच बांधून नेली." नाथाजींनी कपाट लावून घेतले. "बोललं न्हाईत काय ते."

नीलिमाने हे ऐकून घेतले आणि म्हसवडची एसटी पकडली.

राजेश्वरीबाई सिद्धनाथाच्या देवळामागे राहत. निवृत्तीच्या कार्यक्रमातल्या सगळ्या शाली त्यांनी वाटून टाकल्या होत्या. ही एक मऊ म्हणून ठेवली. तीच मांडीवर घेऊन त्या दारात बसल्या होत्या.

"ये. कोणाची तू?" नीलिमाने सांगितले. कापडाविषयीही सांगितले. बाई तिच्याकडे रोखून पाहत राहिल्या.

"म्हणजे मला थरथर द्यायची ती ही?"

"द्यायची?"

"अगं, मी हात आत घेऊन बसले की बोटांना मुंग्या. डॉक्टरकडे गेले. त्याने मानेच्या मणक्याचा फोटो काढला, गोळ्या लिहून दिल्या. दोन महिने गोळ्या खाल्ल्या मी." बाई हसल्या. "मग परवा दिवाळीची धुणी काढली तेव्हा ही सोड्यात भिजवली आणि दगडावर आपटली. तेव्हापासून मुंग्या बंद. मला वाटलं, गोळ्या लागू पडल्या."

नीलिमा कापडाखाली हात घालून बसली. एकेक बोट दाबून पाहिले. काठ काळवंडला होता. कापड आता फक्त कापड होते.

"माझ्याकडून गेलं गं," राजेश्वरीबाई म्हणाल्या. त्यांचे हसू गेले होते. "पण सत्काराची शाल परत मागायला आलेलं माणूस म्हणून तूच पहिली बघितली मी. तुझ्या सरांनी का नाही मागितली?"

"वातावरण नव्हतं म्हणे."

"माझ्या वर्गातली पोरं गृहपाठ न करता असंच सांगायची," बाई म्हणाल्या आणि कापड घडी करून तिच्या हातात दिले.

यमगरांनी मेलेले कापड उलटसुलट करून पाहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर जे आले त्याला सुटका म्हणावे लागेल. आता कोणाला काही मागायचे उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीपुढे मांडायचे टिपण नीलिमाला वाचून दाखवले. कापड दुष्काळी भागातील एका ज्येष्ठ महिलेकडे प्रत्यक्ष वापरासाठी दिले गेले. तिला ते यंत्र असल्याची जाणीवही झाली नाही. सिद्धांताची यापेक्षा मोठी सिद्धी नाही. शेवटी धुण्याची कसोटी घेतली गेली आणि टिकाऊपणाच्या मर्यादा स्पष्ट झाल्या.

"सर, त्यांनी गोळ्या खाल्ल्यात," नीलिमा म्हणाली.

"ते लिहायची गरज नाही. तू फक्त होकार दे. तुझाच प्रबंध वाचतोय यात."

लबाडीत दुसऱ्याचे हित दाखवता आले की ती करणाऱ्याला कर्तव्यासारखी वाटू लागते. यमगरांना त्या रात्री गाढ झोप लागली असावी.

समिती आली. अध्यक्षा चेन्नईच्या एक वृद्ध प्राध्यापिका होत्या, बोलायच्या कमी. कोपऱ्यातल्या सोफ्यावर आबा यजमान म्हणून बसले होते, मागे नाथाजी. अध्यक्षांनी कापडाखाली हात घातला, बोटे दाबली, वाट पाहिली, पुन्हा दाबली. यमगरांनी इंग्रजीतून टिपण वाचले. सदस्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी डोलावली नाही.

"वापरकर्ती कोणी निवडली?" त्यांनी नीलिमाला विचारले.

नीलिमाने यमगरांकडे पाहिले. यमगर आबांकडे पाहत होते. प्रबंध वाचवणारे उत्तर एका शब्दाचे होते आणि ते तिला ठाऊक होते.

"कोणीच नाही," ती म्हणाली. मग तिने तबकापासून दगडापर्यंत सगळे सांगितले. गोळ्याही सांगितल्या. आवाज चढवला नाही.

अध्यक्षा यमगरांकडे वळल्या. "हातात आलं तेव्हा तुम्ही ओळखलं होतं?"

"हो."

"मग?"

परदेशात शिकलेले सगळे इंग्रजी यमगरांना त्या वेळी सोडून गेले. ते मराठीत, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "मान म्होरं आलती, मॅडम."

अध्यक्षांनी नीलिमाकडे पाहिले. तिने वाक्याचे जसेच्या तसे भाषांतर करून दिले, काही मिळवले नाही, काही गाळले नाही. नाथाजींनी कानात सगळे समजावून सांगितल्यावर आबा मोकळेपणाने हसले.

"आरं डॉक्टर, मग सांगायचं न्हाई व्हय? मी काय शाल खानार हुतो? त्याच येळंला दिली असती की. माज्या घरी ठेवायला जागा न्हाई." आणि मागे वळून, "नाथाजी, ह्यास्नी दोन चांगल्या शाली द्या बंगल्यावरनं."

दहशत नेहमी दहशत बसवणाऱ्याची असतेच असे नाही. ती बहुतेक वेळा घाबरणाऱ्याच्या मालकीची असते आणि तो तिला जिवापाड जपतो, कारण तिच्याखाली त्याची महत्त्वाकांक्षा झाकलेली असते. आबांनी कितीतरी माणसांना खरोखर धाक घातला असेल. या प्रकरणात मात्र त्यांच्यावर काही आरोप करता येत नाही. त्यांनी फक्त मान पुढे केली होती.

समितीने केंद्र बंद केले. नीलिमाची शिष्यवृत्ती पुण्याच्या एका संस्थेकडे वळवली, प्रबंधाला मुदत वाढवून दिली आणि धातूच्या सुताचे जोड तपासायचे यंत्र तिच्यासोबत जावे, असे निकालात नमूद केले. उन्हाळ्यात यमगर प्राचार्य झाले. ज्याने अनुदान घालवले पण आबांना अवघडवले नाही, असा माणूस ओसरीवर सर्वांना पसंत पडला. डॉक्टरांचे अभिनंदन करायला क्रीडाशिक्षक सर्वांत आधी आले.

नीलिमा पुण्याहून आठवड्याच्या सुट्टीला विट्याला येते आणि वडिलांबरोबर त्याच जुन्या मागावर नवे कापड उभे करते आहे. तपासायचे यंत्र अजून बंद केंद्रात कुलपात आहे. ते बाहेर काढायला प्राचार्यांची सही लागते. तिने फोन केला.

"सर, समितीचा निकाल आहे. फक्त सही हवी."

"हो, हो. सही काय, करतोच मी," यमगर म्हणाले. "फक्त संस्थेबाहेर वस्तू जायची म्हणजे एकदा आबांच्या कानावर घातलेलं बरं. जरा वातावरण बघतो."

"सर, तुम्ही आता प्राचार्य आहात."

"म्हणूनच तर," ते म्हणाले.

तिने फोन ठेवला. धोंडिराम मागापाशी थांबले होते. "काय म्हनलं?" त्यांनी विचारले. मोटार दुरुस्तीच्या दुकानातून वीज तपासायचा एक जुना मीटर मागून आणलेला होता, तो नीलिमाने उघडला, त्याच्या तारेचे एक टोक काठाला लावले आणि जिथे जोड तुटला आहे ती जागा बोटाने चाचपत शोधू लागली.